लाल झालेली टेस्ट कोण बघणार?

मंडळी, सुरुवात एका फजितीने करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने शुक्रवारी रिलीज केलं. ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे ॲप आपोआप तपासणारे प्रोग्रॅम, झाडून सगळ्या हिरव्या, म्हणजे पास (नापास झाली की लाल). सोमवारी तक्रार आली, ‘पेमेंट करा’ हे बटण सापडत नाही. बटण जागेवरच होतं. डार्क थीमच्या कामात कुणीतरी पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसमधलं एक व्हेरिएबल बदललं होतं, आणि पांढऱ्या पानावर पांढरं बटण, त्यावर पांढरी अक्षरं असा प्रकार झाला होता. टेस्टने ते डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरकडच्या पानाच्या रचनेत, शोधलं, क्लिक केलं, पुढचं पान आलं, पास. तिच्या लेखी काहीच बिघडलं नव्हतं.

म्हणून आम्ही टेस्टला डोळे लावायचं ठरवलं, आणि त्यात दुसरी फजिती झाली. पहिलीपेक्षा ती जास्त शिकवून गेली.

व्हिज्युअल रिग्रेशन टेस्टिंगची कल्पना शेंबड्या पोरालाही कळेल. पान नीट दिसतंय तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, ती बेसलाइन. कोड बदलला की पुन्हा स्क्रीनशॉट काढायचा आणि दोन्हींत फरक शोधायचा. एवढंच. त्यामुळे टूल निवडायला बसलेली माणसं फरक कोण किती बारकाईने शोधतं यावर वाद घालतात. आम्हीही घातला. आज मला वाटतं, फरक शोधणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे.

आम्ही प्लेराइट हे ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारं टूल घेतलं. फुकट आहे आणि स्क्रीनशॉटची तुलना त्यात आधीपासूनच आहे. मॅक लॅपटॉपवर बेसलाइन काढल्या, सीआयवर, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर, टेस्ट लावल्या, आणि पहिल्याच रनला सगळं लाल. कोडमध्ये एक ओळ बदललेली नव्हती! मॅक आणि लिनक्स एकच फाँट वेगवेगळ्या पद्धतीने रंगवतात, अक्षरांच्या कडांचे पिक्सेल जुळत नाहीत. प्लेराइट बेसलाइनच्या फाइलच्या नावात ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम टाकतं, ते उगाच नाही. उपाय सरळ आहे: बेसलाइन आणि तुलना, दोन्ही एकाच डॉकर इमेजमध्ये (लागणारं सगळं सॉफ्टवेअर बांधून ठेवलेलं तयार वातावरण), ब्राउझरची आवृत्ती पक्की ठरवून.

इथे एक आडवळण घेतो, कारण आपल्यापैकी बरेच जण मराठी इंटरफेस करतात. बऱ्याच डॉकर इमेजमध्ये देवनागरी फाँट नसतो. मग स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन येतात. तीच बेसलाइन झाली तर पुढे चौकोनांशी चौकोन जुळत राहतात आणि टेस्ट कायम हिरवी. पहिली बेसलाइन माणसाने डोळ्यांनी वाचलीच पाहिजे.

मॅक-लिनक्सचं निस्तरलं तरी लाल दिवे थांबेनात. लुकलुकणारा कर्सर आणि चालू ॲनिमेशन प्लेराइट स्वतः सांभाळतं. लागोपाठचे दोन स्क्रीनशॉट सारखे येईपर्यंत थांबतंही. पण आजची तारीख, फिरत्या जाहिराती, सर्व्हरवरून येणारे आकडे आपणच झाकायचे किंवा गोठवायचे असतात. ते काम कंटाळवाणं. आम्ही कंटाळलो आणि सगळे करतात तेच केलं, सहनशीलता वाढवली. म्हटलं, 1 टक्का फरक चालेल.

1 टक्का म्हणजे किती? 1280 बाय 720 च्या पानावर 9,21,600 पिक्सेल असतात. त्याचा 1 टक्का 9,216. आमचं ते बटण होतं 120 बाय 40, म्हणजे 4,800 पिक्सेल. ज्या बटणापायी हा सगळा खटाटोप मांडला, ते पुन्हा पांढरं झालं असतं तरी टेस्ट हिरवीच राहिली असती! शिवाय इथे दोन वेगळ्या सेटिंग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक सांगते, किती पिक्सेल वेगळे चालतील. दुसरी, थ्रेशोल्ड, सांगते की एका पिक्सेलचा रंग किती बदलला तर तो वेगळा मोजायचा. ती सैल सोडली तर फिकट राखाडी अक्षरं आणखी फिकट झालेली कळतच नाहीत.

तरीही खरा घात तिथे झाला नाही. रोज ‘लांडगा आला रे’ ऐकून कंटाळलेल्या एका सहकाऱ्याने एका कमांडने सगळ्या बेसलाइन नव्या करून टाकल्या. त्यांत एक मोडकं टेबलही होतं. त्या दिवसापासून आमची टेस्ट त्या मोडक्या टेबलाची राखण करू लागली.

म्हणून आता टूल बघताना माझा पहिला प्रश्न असतो: फरक कोण बघणार, आणि कुठे? प्लेराइटच्या बेसलाइन गिटमध्ये, कोडच्याच साठ्यात, असतात. डेव्हलपरला ते सोयीचं, पण डिझायनर तिकडे फिरकत नाही. बॅकस्टॉपजेएस एचटीएमएल अहवाल देतं, जुनं-नवं चित्र सरकवून बघता येतं. पर्सी आणि क्रोमॅटिक या विकतच्या सेवा. मंजुरी वेबपानावर, निकाल पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती). कंपोनंट (बटणासारखे पानाचे सुटे भाग) स्टोरीबुकमध्ये, म्हणजे ते एकेक मांडून दाखवणाऱ्या टूलमध्ये, असतील तर क्रोमॅटिक जवळचं, कारण स्टोरीबुक सांभाळणाऱ्यांचंच ते आहे. पर्सी तुमच्या पानाचा डॉम आपल्या सर्व्हरवर नेऊन तिथे रंगवतं. म्हणजे पानावरचा मजकूर बाहेर जातो, तेव्हा टेस्टमध्ये खऱ्या ग्राहकांची माहिती नको. ॲप्लिटूल्समध्ये मजकूर सोडून फक्त मांडणी ताडून बघता येते, बातम्यांसारख्या बदलत्या पानांना ते मानवतं. मात्र फरक का धरला किंवा का सोडला, हे तिथे पिक्सेल मोजण्याइतकं उघड नसतं. मला त्याची थोडी धास्ती वाटते.

पैशांचा हिशेब आधी करा. स्क्रीनशॉटगणिक आकारणी असेल तर 120 कंपोनंट, 3 ब्राउझर आणि स्क्रीनच्या 3 रुंदी मिळून टेस्टच्या एका रनला 1,080 स्क्रीनशॉट होतात. दिवसाला 20 रन म्हणजे 21,600. सगळ्या ब्राउझरमध्ये सगळं तपासायची हौस इथे उतरते.

निवडीसाठी मी तुलनेचे तक्ते वाचत नाही. आपल्याच बग-यादीतून दिसण्याबद्दलचे जुने बग काढतो, एकेक करून कोडमध्ये परत घालतो आणि कोणतं टूल किती पकडतं ते बघतो. मग कोडला हात न लावता तेच वीस वेळा चालवतो. एकदा जरी लाल झालं तरी कारण सापडेपर्यंत पुढे जात नाही. शेवटी डिझायनरला शेजारी बसवून, काहीही न सांगता, एक फरक मंजूर आणि एक नामंजूर करायला लावतो. अडखळला तर ते टूल बाद.

ते पांढरं बटण मी आज सोबत आणलंय. लॅपटॉप जोडतो. आधी 1 टक्का ठेवून चालवू, मग शून्यावर आणू.