जपानी क्रियापदं आणि मधला इंग्रजी थांबा

मी जपानी शिकायला लागलो तेव्हा वहीत तीन रकाने आखले होते. जपानी शब्द, उच्चार आणि इंग्रजी अर्थ. त्या तिसऱ्या रकान्यानं घात केला. ‘शिरु’ आणि ‘वाकारु’ या दोघांसमोर मी ‘टू नो’ लिहून मोकळा झालो.

मग एकदा एका जपानी बाईंनी विचारलं, “रविवारी काय करणार?” माझं काही ठरलं नव्हतं. मी ‘शिरु’चा नकार वापरून म्हणालो, “शिरिमासेन.” बाई गप्पच झाल्या. मी त्यांना जवळजवळ “मला काय माहीत!” असं म्हणालो होतो, हे पुढे कळलं. ‘शिरु’ म्हणजे बाहेरची माहिती आपल्यापर्यंत पोचणं. स्वतःच्या रविवारची माहिती बाहेरून कशी येणार? तिथे ‘मादा वाकारिमासेन’ म्हणायचं, म्हणजे अजून नक्की नाही. ‘वाकारु’ म्हणजे उमगणं, कळणं. ‘मला जपानी कळतं’ या वाक्यात ‘मी’ काही करत नाही, कळण्याचं काम आपोआप होतं. जपानीतही तसंच. ‘निहोंगो गा वाकारु’ म्हणतात, कर्माला जोडायचा ‘ओ’ हा प्रत्यय तिथे लागत नाही.

‘मिएरु’ आणि ‘मिरारेरु’ यांचंही तेच. इंग्रजीत दोन्ही ‘कॅन सी’. तोक्योहून ओसाकाला शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं निघालात आणि उजव्या खिडकीशी बसलात, तर हवा स्वच्छ असेल तेव्हा फुजी पर्वत दिसतो. ‘फुजीसान गा मिएमास.’ डोळे उघडे असले की झालं. पण तिकीट मिळालं, वेळ मिळाला म्हणून सिनेमा बघता येतो, तो ‘मिरारेरु’. दिसणं आणि बघता येणं! फोनवर आपण “ऐकू येतंय का?” विचारतो, ते ‘किकोएमास का’. आपण मराठी माणसं हा फरक दिवसभर करतो आणि जपानीच्या वर्गात जाताना तो बाहेर चपलांशेजारी ठेवून जातो.

आता तुम्ही म्हणाल, मग मराठीवरून सगळं सुटतं. नाही सुटत. कपड्यांचं बघा. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, म्हणजे आपला डोळा कापडाकडे. जपानी माणूस शरीर बघतो. अंगात घालायचं ते ‘किरु’, कमरेखालचं ‘हाकु’, डोक्यावरचं ‘काबुरु’. म्हणून पँटही ‘हाकु’, मोजेही ‘हाकु’. चष्म्याला मात्र ‘काकेरु’, म्हणजे अडकवणं. आणि गंमत अशी की काढताना हा थाट संपतो. सदरा, पँट, टोपी, सगळ्याला एकच ‘नुगु’. (चष्म्याला नाही. तो इथेही फटकून.)

‘देणे’पाशी तर मराठी पार हात टेकते. मी किंवा आणखी कुणी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, कुणी मला किंवा माझ्या माणसांना दिलं तर ‘कुरेरु’. देण्याची दिशा क्रियापदातच असते, त्यामुळे ‘मला’ हा शब्द बहुतेक वेळा लागतच नाही.

हे मी पावसात शिकलो. शेजारच्या आजींनी मला छत्री दिली होती. वर्गात शिरता शिरता मी कौतुकानं सांगितलं, “ओबाआसान गा कासा ओ आगेमाश्ता.” छत्री माझ्या हातात, तिच्यातून पाणी टपकतंय, आणि सेन्सेई, म्हणजे आमच्या शिक्षिका, शांतपणे विचारतात, “दारे नि?” कुणाला?