ऋषीचं कूळ, वूल्व्हरिनचं मूळ

नमस्कार श्रोतेहो.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपली जुनी माणसं सांगून गेली. मी आज नेमकं तेच करणार आहे. नदी आणि ऋषी मात्र आपल्याकडचे नाहीत, अमेरिकेतल्या एका चित्रपटमालिकेतले आहेत. मालिकेचं नाव 'एक्स-मेन'. 2000 ते 2020 या वीस वर्षांत तिचे तेरा चित्रपट आले. आणि या तेरांचं आपापसांतलं नातं कसं, तर भाऊबंदकीतल्या सात-बाऱ्यासारखं. नावं तीच, पण कुणाचा मेळ कुणाला नाही.

हा उद्योग सुरू झाला माझ्या भाच्यामुळे. गेल्या मे महिन्यात सुट्टीला आला होता. वय बारा. सगळे भाग ओळीने बघायचे असं आम्ही ठरवलं. तिसऱ्या दिवशी त्याने एकदम रिमोट दाबला, चित्र थांबवलं आणि मला विचारलं, "मामा, हे उभे कसे काय?"

'हे' म्हणजे प्रोफेसर चार्ल्स झेवियर. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. या कथेतली काही माणसं जन्मतःच वेगळी असतात, त्यांना म्युटंट म्हणतात. झेवियर दुसऱ्याचं मन वाचतो आणि अशा मुलांसाठी शाळा चालवतो. त्याचं टक्कल आणि त्याची चाकाची खुर्ची या दोन गोष्टींवरून तो ओळखू येतो. त्याचा जुना मित्र आणि आताचा वैरी एरिक लेन्शर, म्हणजे मॅग्नेटो. धातू याच्या शब्दाबाहेर जात नाही. आणि तिसरा लोगन, म्हणजेच वूल्व्हरिन. याच्या मुठीतून पोलादी नख्या बाहेर येतात, जखमा आपोआप भरतात आणि वय जवळजवळ वाढतच नाही.

आता भाच्याची शंका बघा. 2006 साली आलेल्या 'द लास्ट स्टँड'ची सुरुवात वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगाने होते. झेवियर आणि मॅग्नेटो दोघे मिळून एका लहान मुलीच्या घरी जातात. झेवियर स्वतःच्या पायांनी चालत जातो. पुढे 2011 साली 'फर्स्ट क्लास' आला. त्यात 1962 साल आहे, क्युबाचा समुद्रकिनारा आहे, रशिया-अमेरिकेची जहाजं समोरासमोर उभी आहेत. त्या धुमश्चक्रीत मॅग्नेटोने हाताने भिरकावलेली एक गोळी झेवियरच्या पाठीत शिरते आणि त्याचे पाय कायमचे जातात. मग हा माणूस त्यानंतर कित्येक वर्षांनी त्या मुलीच्या अंगणात चालत कसा गेला?

भाच्याने वही काढली. एका बाजूला 'आधी सांगितलं', दुसऱ्या बाजूला 'नंतर सांगितलं'. वही भराभर भरत गेली. पहिल्या चित्रपटात झेवियर लोगनला सांगतो की मी सतरा वर्षांचा असताना एरिकला भेटलो. 'फर्स्ट क्लास'मध्ये दोघे भेटतात तेव्हा झेवियर ऑक्सफर्डचा प्रबंध पुरा करून बसलेला आहे. मोयरा मॅकटॅगर्ट एका चित्रपटात संशोधक डॉक्टर, दुसऱ्यात गुप्तहेर खात्यातली अधिकारी, आणि ती तर आधीच्या काळातली! सेबरटूथ नावाचा झिपऱ्या पहिल्या चित्रपटात लोगनवर गुरगुरतो, तो अनोळखी माणसावर गुरगुरावं तसा. नऊ वर्षांनी कळतं की तो लोगनचा सावत्र भाऊ.

पण मला सगळ्यात बोचली ती मिस्टिकची गोष्ट. निळ्या अंगाची, हवं ते रूप घेणारी ही बाई. 'फर्स्ट क्लास' सांगतो की ती लहानपणी भुकेपोटी झेवियरच्या स्वयंपाकघरात शिरली आणि त्याच घरात त्याची बहीण म्हणून वाढली. फार सुंदर प्रसंग आहे. पण तो मनात ठेवून 2000 सालचा चित्रपट पुन्हा बघा. तिथे हीच मिस्टिक झेवियरच्या यंत्रात विष मिसळते आणि तो बेशुद्ध पडतो. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. ज्या घरचं अन्न खाल्लं, त्या घरच्या भावाला मारताना डोळ्यात पाणी सोडा, साधी चलबिचलही नाही. कारण उघड आहे. 2000 साली ती त्याची बहीण नव्हतीच. ती अकरा वर्षांनी झाली, आणि तीही मागल्या तारखेने!

असं का होतं? लिहिणारे विसराळू असतात असं नाही. प्रत्येक चित्रपट आपल्यापुरता उभा राहायला बघतो. त्याला त्या वेळी जे नातं हवं, जी जखम हवी, ती तो मागे जाऊन पेरून येतो. आधीच्या चित्रपटाचं काय होईल ते नंतर बघू. कधी कधी ठिगळ मात्र बेमालूम बसतं. 2003च्या चित्रपटात एका बारमधल्या टीव्हीवर डॉक्टर हँक मॅकॉय दिसतो, चारचौघांसारखा. आणि 'फर्स्ट क्लास'मध्ये तर तो 1962 सालीच अंगभर निळा आणि केसाळ झालेला. 2014च्या चित्रपटाने सांगितलं की हँकने एक औषध शोधलं होतं, ते टोचून घेतलं की तो माणसासारखा दिसायचा. त्याच औषधाच्या जोरावर 1973 साली झेवियरही चालताना दिसतो, फक्त त्या बदल्यात मन वाचायची शक्ती जाते. भाचा खूश झाला. मग पुन्हा विचारात पडला. "पण मामा, त्या मुलीच्या घरी तर ते चालतपण होते आणि मनपण वाचत होते." मी म्हटलं, बाळा, चहा घे.

अखेर या मालिकेने 2014 साली जालीम उपाय केला. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'. 2023 साली म्युटंट जवळजवळ संपलेले आहेत. लोगनचं मन तिथून 1973 साली, त्याच्याच तरुण देहात पाठवलं जातं. तिथे तो एक खून टळावा म्हणून धडपडतो. खून टळतो, आणि लोगन जागा होतो तो वेगळ्याच 2023 मध्ये. मेलेली माणसं शाळेत हसत उभी आहेत. 'द लास्ट स्टँड'मध्ये जे घडलं ते आता घडलंच नाही. गंमत अशी की 'द लास्ट स्टँड'च्या दोन लेखकांपैकी एक सायमन किनबर्ग, आणि तो पुसून टाकणारा चित्रपट लिहिला त्यानेच. एवढ्यावर समाधान नव्हतं म्हणून की काय, 2019 साली त्याच मुलीची, जीन ग्रेची, तीच कहाणी त्याने दुसऱ्यांदा हाती घेतली. या खेपेला दिग्दर्शकही तोच.

अमेरिकेत या असल्या युक्त्यांची मोठी चर्चा होते. आपल्याला मात्र त्यात नवल वाटायचं कारण नाही. गणपतीची कथा घ्या. शिवपुराण सांगतं की पार्वतीने अंगच्या मळापासून मुलगा केला आणि शंकराने त्याचं मस्तक उडवलं. ब्रह्मवैवर्त पुराण सांगतं की शनीची दृष्ट पडली आणि मस्तक गेलं. श्रोत्यांतल्या एखाद्याने कीर्तनकाराला विचारलं की बुवा, खरं कोणतं, तर बुवा झांज न थांबवता उत्तर देतात, कल्पभेद! ही एका कल्पातली कथा, ती दुसऱ्या कल्पातली. दोन्ही खऱ्या. हॉलिवूडला तिथवर पोचायला चौदा वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागले.

हे झालं काळाचं. आता मुळाकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

म्युटंट ही कल्पनाच मुळात मूळ सांगायचं टाळण्यासाठी निघाली. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी 1963 साली 'एक्स-मेन' हे कॉमिक सुरू केलं. त्याआधीच्या दोन वर्षांत कुणाला अंतराळातल्या किरणांनी शक्ती दिली, कुणाला गॅमा किरणांनी, कुणाला किरणोत्सारी कोळी चावून. दर वेळी नवा अपघात कुठून आणायचा? मग स्टॅन ली यांनी सोपी वाट काढली, ती त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा हसत कबूल केली. ही मुलं जन्मतःच अशी आहेत, विषय संपला. म्हणजे आपली म्हणच त्यांनी पाळली म्हणा ना.

त्या पहिल्या अंकातल्या मॅग्नेटोला भूतकाळ नाही. तो दुष्ट आहे, कारण गोष्टीला दुष्ट माणूस लागतो. त्याला भूतकाळ मिळाला 1981 साली, क्रिस क्लेअरमाँट या लेखकाकडून, दीडशेव्या अंकात. मॅग्नेटो नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीतून वाचलेला मुलगा आहे. अठरा वर्षं नुसताच खलनायक असलेला माणूस त्या एका गोष्टीने बदलून गेला. माणसं वेगळ्या माणसांचं काय करतात, हे त्याने पाहिलं आहे. त्यामुळे झेवियर जेव्हा म्हणतो की माणसांवर विश्वास ठेव, तेव्हा मॅग्नेटोचं 'नाही' आपल्याला खोडून काढता येत नाही.

इथे कॉमिकवाल्यांना एक योगायोग कामी आला. 1974 साली एका अंकात मॅग्नेटोचं चक्क तान्हं बाळ झालं होतं, आणि 1977 साली त्याला पुन्हा ऐन तारुण्यात आणलं होतं. त्या वेळी हे केवळ कथानकाचे चाळे होते. पण 1944 सालचा मुलगा पुढेही इतका तगडा कसा, या प्रश्नाचं उत्तर प्रश्न पडायच्या आधीच तयार होतं.

चित्रपटांना ती सोय नव्हती. 2000 सालच्या पहिल्या चित्रपटाचं पहिलं दृश्य आठवा. पोलंड, 1944. पाऊस, चिखल, काटेरी तारा. आईबापांपासून तोडलेला एक मुलगा लोखंडी फाटकाकडे हात करून ओरडतो आणि फाटक वाकतं. शिपाई बंदुकीच्या दस्त्याने त्याला खाली पाडतो. बस, एवढंच. इयान मॅकेलन त्या वेळी साठीचे होते, त्यामुळे हिशोब चोख बसत होता. पुढे मायकेल फासबेंडर तरुण मॅग्नेटो झाला. 1962, 1973, 1983, आणि शेवटी 2019च्या चित्रपटात 1992 साल. कथेप्रमाणे तोवर मॅग्नेटो साठीला टेकलेला असणार. पडद्यावर जेमतेम चाळिशीचा, देखणा गडी. भाच्याने वहीत लिहिलं, 'कोणतं तेल लावतो?'

पण त्याच वहीत एक ओळ कोरी राहिली. अकरा वर्षांनी आलेल्या 'फर्स्ट क्लास'ची सुरुवातही तिथेच होते. पोलंड, 1944, तोच पाऊस, तेच फाटक, जवळजवळ तशीच चित्रचौकट. मुलगा नवा, प्रसंग जुना. हातावरचा गोंदलेला नंबर 2006 मध्येही दिसतो, 2011 मध्येही. म्हणजे ज्यांनी झेवियरचे पाय, मिस्टिकचं नातं, मोयराचा धंदा, सगळं खुशाल बदललं, त्यांनी या एका फाटकाला हात लावला नाही. ते हललं असतं तर मॅग्नेटोच उरला नसता.

वूल्व्हरिनचं उलट झालं. हा 1974 साली हल्कच्या एका अंकात, अगदी शेवटच्या चौकटीत उगवला. कुठून आला, कुणाचा कोण, काही नाही. पुढची कित्येक वर्षं वाचकांनी त्याच्यावर प्रेम केलं ते या रिकाम्या जागेसकट. 2003च्या चित्रपटात लोगन एका लष्करी तळावर येतो, भिंतीवर नख्यांचे ओरखडे बघतो आणि हळूच त्यावर आपल्या नख्या टेकवतो. ते ओरखडे आपलेच आहेत हे त्याला कळतं, पण आठवत काहीच नाही. मला विचाराल तर वूल्व्हरिनचं मूळ एवढंच पुरे होतं.

2009 साली मात्र अख्खा चित्रपट त्याच्या मुळावर काढला. 1845 सालचं कॅनडा, आजारी मुलगा, बापाचा खून, भाऊ, मग एकामागून एक चार युद्धं, प्रेयसी, पोलादाचं टाकं. त्याचं जाकीट कुठून आलं तेही सांगितलं! आणि शेवटी प्रश्न उरला की हे सगळं त्याला पुढे आठवत कसं नाही, तर डोक्यात खास धातूची गोळी घातली. मॅग्नेटोचं मूळ कळलं की त्याचं म्हणणं कळतं. लोगनचं मूळ कळलं तर फक्त नख्या कशा आल्या ते कळतं, आणि नख्या तर आपण नऊ वर्षं बघतच होतो.

या मालिकेत मला सगळ्यात आवडतो तो 2017चा 'लोगन'. त्यात 2029 साल आहे. लोगन म्हातारा झालाय, लंगडतो, जखमा भरत नाहीत. झेवियर नव्वदीचा, औषधांवर जगणारा, आणि लोगनच त्याला उचलून गाडीत बसवतो. हा चित्रपट नेमका कोणत्या टाइमलाइनमधला, यावर भाच्याने दीड पान लिहिलं आणि शेवटी पेन ठेवून दिलं. कारण त्यात एक प्रसंग येतो. लॉरा नावाच्या मुलीच्या पिशवीत लोगनला 'एक्स-मेन'ची कॉमिक्स सापडतात. त्याच्याच आयुष्यावरची. तो ती चाळतो, वैतागतो आणि सांगतो की यातलं फार तर पाव घडलं, आणि तेही असं नाही.

मुलीला त्याचं काही पडलेलं नसतं. त्या कॉमिकमध्ये एका सुरक्षित जागेचा ठावठिकाणा आहे, आणि तिला तिथे जायचंय. लोगन कुरकुरत गाडी सुरू करतो.

भाचा पुढच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे. वही इथेच ठेवून गेलाय, माझ्या कपाटात. कोऱ्या ओळीवर त्याने जाताना नुसतं एक फाटक काढलंय, वाकलेलं. नमस्कार.