रडणं रडणं सारखं नसतं

नमस्कार मंडळी. आज सुरुवात रात्री तीन वाजल्यापासून करते, कारण ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांना ती वेळ चांगलीच माहितीये. माझी मुलगी चार महिन्यांची होती तेव्हा झोळीचा हुक करकरायचा थांबला रे थांबला की हिचे डोळे टक्क उघडे, आणि मग जो सूर लागायचा तो पार खालच्या मजल्यापर्यंत. घुटी झाली, ओव्याची पुरचुंडी झाली, मीठ-मोहरीने दृष्ट काढून झाली, पण फरक शून्य. एके दिवशी सकाळी चहा घेताना आमच्या आत्याबाई सहज बोलून गेल्या, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात गं, ही पुढे एका जागी बूड टेकवणार नाही बघ." आता मी स्वतः लहान मुलांसोबत काम करणारी बाई, तरी सांगते, ते वाक्य डोक्यात जे रुतून बसलं ते बसलंच.

तर खरंच असं असतं का? तान्हेपणी फार चिडणारं बाळ पुढे शाळेत लक्ष न लागणारं, म्हणजे ज्याला आपण एडीएचडी म्हणतो, तसं होतं का?

थोडं हो आणि बरंचसं नाही. 2011 साली संशोधकांनी 22 अभ्यास एकत्र करून बघितलं, की ज्या बाळांचं रडणं, झोपणं किंवा खाणं फारच बिघडलेलं होतं त्यांचं पुढे काय झालं. अशा मुलांत नंतर वागण्याच्या तक्रारी, त्यात एडीएचडीसारख्याही, जास्त दिसल्या. पण हा संबंध सगळ्यात घट्ट कुठे दिसला, तर जिथे घरावर आधीच चार संकटं होती तिथे. नुसत्या रडण्यावरून भविष्य कोणी सांगू शकत नाही, आत्याबाईसुद्धा नाही.

आणि रडणं रडणं पण वेगळं असतं बरं का. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांना खुर्चीत बसवायचे, समोर रंगीत खेळणी हलवायचे, अनोळखी आवाज ऐकवायचे, नाकाशी स्पिरीट लावलेला कापूस धरायचे. साधारण 20 टक्के बाळं हातपाय झाडायची, पाठ ताणायची, भोकाड पसरायची. वाटेल की हीच पुढे वांड होणार, पण ही बाळं मोठी होताना इतरांपेक्षा जास्त बुजरी निघाली! नवीन माणूस दिसला की आईच्या पदरामागे. कारण ते रडणं भीतीचं, बावरण्याचं होतं.

दुसरं रडणं असतं रागाचं. बाळासमोर आवडतं खेळणं ठेवायचं आणि मध्ये पारदर्शक काच सरकवायची, किंवा हात हलकेच धरून ठेवायचे, मग बघायचं किती चिडतं आणि किती वेळात निवतं. हा संताप, सोबत सतत वळवळ, आणि थोडं मोठं झाल्यावरही स्वतःला आवरायचा ब्रेक लागत नाही, हे तिन्ही एकत्र आलं तर लक्षाच्या तक्रारीशी जास्त नातं दिसतं. तो ब्रेक जन्मतः नसतोच कोणाकडे, पहिल्या वाढदिवसाच्या आसपास जरा जरा उगवतो आणि दोन ते सात वर्षांत भराभर वाढतो. म्हणून दीड वर्षाच्या पोराला "हायपर आहे हो आमचा" म्हणणाऱ्यांना मी हात जोडते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या डॉक्टर नवरा-बायकोने 1956 पासून 133 मुलांचा स्वभाव तान्हेपणापासून टिपून ठेवला. साधारण दहातलं एक मूल त्यांनी 'अवघड' धरलं, म्हणजे झोपेचा नेम नाही, नवं काही पचत नाही, राग नाकावर. ही मुलं बहुतेक सुस्थितीतल्या घरांतली, जिथे ठरल्या वेळी झोपलंच पाहिजे असा दंडक, त्यामुळे झोपेवरून रोज तंटे. मग त्यांनी पोर्टो रिको बेटावरून तिथे आलेल्या कामगारांची घरं बघितली, तर झोप तशीच बेशिस्त पण तक्रार जवळपास नाहीच, पोर दमेल तेव्हा झोपेल! शाळा सुरू झाली, सकाळी उठायची वेळ आली, तेव्हा कुठे तीच झोप 'प्रॉब्लेम' झाली. उलट तिथे चळवळं मूल जड जायचं, कारण घर लहान आणि बाहेर रस्ता धोक्याचा. मूल तेच हो, घर बदललं की तक्रार बदलते. आपल्याकडे वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि भिंगरी लागलेलं पोर, यावर मी वेगळं काय बोलू.

पण म्हणून "घरच्यांनी लाडावलं, मोबाईल दिला म्हणून एडीएचडी झाला" हेही चूक. त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, कितीदा तर बाप समोर बसून पायच हलवत असतो आणि म्हणतो मी पण असाच होतो! निदान करताना बघतात ते असं की लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालीयेत का, सहा महिने टिकलीयेत का, आणि घर आणि शाळा दोन्हीकडे आहेत का. फक्त एका बाईंच्या तासाला त्रास असेल तर आधी तो तास बघावा, मूल नंतर. आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला गोळीच्या आधी आईबाबांनाच ट्रेनिंग, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही सांगतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येते, मुलाबद्दल शंका असेल तर तेव्हा त्यांना विचारा, ते पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, फुकट असतं. जाताना एक करा, कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा लिहितो ना, तसं महिनाभर त्याच चौकोनात लिहा, आज कशावरून बिनसलं आणि किती वेळात निवलं. मी लिहिलं होतं. आत्याबाईंनी ते बघून विचारलं, "एवढं दूध बंद केलंस?"