ट्रेमधला तलाव

गोंदिया-भंडाऱ्यात गावाला लागून तलाव असतोच, मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. यातले कितीतरी कोहळी लोकांनी धानाच्या पाण्यासाठी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचं लक्ष हळूहळू उडालं. पोरांना पाणी शिकवायचं तर सुरुवात इथूनच करावी.

आता ट्रेकडे बघा. पांढरा मुद्दाम घेतलाय, काळपट जीव लगेच दिसतात. काठावरच उभं राहून गवतातून जाळी फिरवायची, ट्रेमधे उपडी करायची आणि गाळ बसेपर्यंत हात लावायचा नाही, पोरांना हे जाम जड जातं, पण मग एकेक जण हलायला लागतो.

ही चतुराची अळी. उडायच्या आधी कित्येक महिने ती पाण्यातच असते, मागच्या टोकानं पाणी आत ओढून श्वास घेते, आणि भीती वाटली की तेच पाणी जोरात सोडून सटकन पुढं पळते. आणि हा पाणढेकूण, पाठीवर दाणे दिसतायत ना, ती अंडी आहेत! मादी नराच्या पाठीवर चिकटवते आणि पिल्लं निघेपर्यंत बाबा सांभाळतो, हे ऐकलं की अख्खा वर्ग ट्रेवर वाकतो.

ही लालभडक अळी. आपल्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन हिच्यातही असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही ती तगते. दोनचार असल्या तर काळजी नाही, पण ट्रेभर ह्याच निघाल्या आणि चतुराची, मेफ्लायची (पाण्यात वाढणारा एक नाजूक कीटक) एकही अळी नाही, तर तलावाची तब्येत बिघडलीय. पोरांना वाटतं नितळ म्हणजे चांगलं, पण नितळ पाण्यातही कीटकनाशक असू शकतं, आणि हिरवट तलाव एकदम जिवंत असू शकतो, म्हणून आत कोण राहतंय ते मोजायला शिकवायचं.

शेतातलं खत वाहून आलं की शेवाळ माजतं. रात्री तेही ऑक्सिजन वापरतं, नवीन काही तयार होत नाही, त्यामुळं पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मंडळींना हे केव्हाचं माहितीय, त्यांना वर्गात बोलवाच, पुस्तकात नसलेलं खूप काही सांगतात ते.

मोजून झालं की जीव जिथून घेतले तिथंच सोडायचे, तोवर ट्रे सावलीत, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. वहीत तारीख आणि कोण किती सापडलं ते लिहायचं, पावसाळ्यानंतर परत त्याच काठावर जाळी टाकायची आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघायची.