आधी कोपरे मारा

पत्रिकेत विषय छापलाय, 'कातडं तासायचं हत्यार कसं बनवावं'. त्याकडे येतोच. पण आधी एक तक्रार ऐकून घ्या, नाहीतर मला आज झोप लागायची नाही. (हशा)

हत्यार दाखवलं की लोक पहिल्यांदा विचारतात, धार किती आहे? मीही त्यातलाच. पहिली तासणी केली तेव्हा तिला इतकी धार लावली की मनगटावरचे केस उडावेत. कड सरळ, दोन्ही कोपरे काटकोनात, पटाशीसारखे. शेळीचं कातडं चौकटीवर ताणून वाळवलेलं होतं. पहिले चार हात झकास गेले. पाचव्याला मनगट जरासं कललं, कोपरा रुतला आणि फट्! आता, ताणलेल्या कातड्यावरची चीर चीर राहत नाही. ताण तिला दोन्हीकडून ओढतो आणि डोळा उघडावा तसं भोक उघडतं. मला त्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली. ज्या बाईंकडे शिकत होतो त्या शांतपणे म्हणाल्या, ''खिडकी चांगली झाली. आता दार कर.'' (हशा)

मग त्यांनी स्वतःची तासणी हातात दिली. पातं माझ्याहून अरुंद, कडेला बाक आणि कोपरे तर नव्हतेच. अंगठ्याचं नख असतं ना, तसा आकार. पुरातत्त्ववालेही अश्मयुगातल्या छोट्या तासण्यांना हीच नखाची उपमा देतात. दगडाचा छिलका घेऊन त्याचं टोक बारीक बारीक टिपून गोल केलेलं असतं. मी ज्याला हौसेनं काटकोन दिला तो कोपरा माणसानं हजारो वर्षांपूर्वीच काढून टाकला होता.

'माणसानं' म्हणालो खरा, पण तिथंही एक गंमत आहे. एका संग्रहालयात अशा तासण्यांखाली पाटी होती, 'आदिमानव पुरुषाची हत्यारं'. कोणी पाहिलं होतं? इथिओपियाच्या दक्षिणेला कोन्सो लोक आहेत. त्यांच्यात अगदी अलीकडच्या काळापर्यंत दगडी तासण्या घडवायच्या, लाकडी मुठीत डिंकानं बसवायच्या आणि कातडी कमवायची, ही सगळी कामं बायकाच करत आल्या. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या बायका एल्क हरणाच्या शिंगाची मूठ वापरत. किती कातडी कमावली याचा हिशेब काहीजणी मुठीवरच खुणांनी कोरून ठेवत. पगारवाढ मागायला बरं! (हशा) पाटीबद्दल मी पत्र लिहिलं, त्याचं उत्तर अजून...

चिठ्ठी आली. सहा मिनिटं? बरं, पळतो.

तासण्या दोन प्रकारच्या. ओलं कातडं गोल ओंडक्यावर टाकून मांस-चरबी काढायची, त्याला दोन्ही हातांनी धरायचं बोथट पातं. बोथटच हवं, ते कापत नाही, ढकलतं. वाळलेल्या ताणलेल्या कातड्याला मात्र धार लागते. आज ही दुसरी.

जुनी कानस घ्या. आतपर्यंत कडक पोलाद असलेलीच घ्या, वरवर कडक केलेली नको. निखाऱ्यात लाल करा, लोहचुंबक चिकटेनासं झालं की राखेत गाडून रात्रभर निवू द्या. मऊ होईल. दाते घासून साफ काढा, राहिले तर तिथूनच तडा जातो. मग तुकडा कापा, कडेला हलका बाक द्या, उतार एकाच बाजूनं काढा. आणि कोपरे मारा, म्हणजे घासून गोल करा! आत्ताच मारा, नंतर म्हणू नका.

पुन्हा लाल करा, लोहचुंबक सोडेपर्यंत, आणि पाणी द्या, म्हणजे बुडवून एकदम गार करा. पोलादाला पाणी द्यायचं ते तेलात! (हशा) आता ते काचेसारखं ठिसूळ झालं. म्हणून घासून चकचकीत करा आणि गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढेपर्यंत हलकं तापवा. साधारण 220 अंश सेल्सिअस.

मूठ कोपरासारखी वाकलेली हवी. फांदीचा बेचका चालतो. पातं कच्च्या कातड्याच्या ओल्या वादीनं बांधा, वाळताना ती आपोआप आवळते. तासताना पातं कातड्याला जवळजवळ काटकोनात धरा आणि आपल्याकडे ओढा. कललं की काय होतं ते मी सांगितलंच.

धार लावण्याबद्दल वेळ नाही. तीन तासण्या आणल्यात, मागपर्यंत फिरवा. अंगठा धारेवर नको, कोपऱ्यावर फिरवून बघा. आणि तिन्ही परत करा, मागच्या व्याख्यानाला दोनच आल्या होत्या.