सलगमचा भाव कोण ठरवतं?
(निवेदन)

(दृश्य: बेटावरची रविवारची सकाळ. डोक्यावर सलगम घेतलेली रानडुकरीण.)

ही डेझी मे, एका व्हिडिओ गेममधली. दर रविवारी पहाटे पाचला बेटावर येते, नाक पुसायचंही तिला भान नसतं, आणि दुपारी बाराला निघून जाते. तेवढ्या वेळात सलगम घ्यायचे तर घ्या. भाव असतो 90 ते 110 बेल्सच्या दरम्यान; बेल्स म्हणजे गेममधलं चलन. घासाघीस चालत नाही आणि दहाच्या पटीतच माल मिळतो.

निन्टेंडोचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा गेम 20 मार्च 2020 रोजी आला. आपल्याकडे देशभर टाळेबंदी लागायला पाच दिवस बाकी होते. घर बांधा, मासे पकडा, झाडं लावा, असा हा निवांत खेळ. पण घराचं कर्ज फेडायचं असतं आणि मासे विकून ते फिटता फिटत नाही. मग माणूस सलगमच्या सट्ट्याकडे वळतो.

(दृश्य: दुकानाचा काउंटर, टिमी आणि टॉमी.)

विकायचं इथे. टिमी आणि टॉमी या जुळ्यांचं दुकान सकाळी आठला उघडतं. दुकान उघडताना एक भाव, दुपारी बारानंतर दुसरा. सोमवार ते शनिवार मिळून आठवड्याचे बारा भाव. पुढच्या रविवारी पहाटे पाचपर्यंत माल खपला नाही तर तो कुजतो. लासलगावच्या शेतकऱ्याला कांदा निदान चाळीत भरून ठेवता येतो. इथे सलगम घरातल्या कोठारातही ठेवता येत नाही. जमिनीवर ओळीने मांडून ठेवायचे आणि वाट बघायची.

आता गंमत बघा. तुम्ही दुकानात दहा सलगम विका नाहीतर चार हजार, भाव एका बेलनेही हलत नाही. मागणी-पुरवठ्याचा इथे काही संबंधच नाही. खेळाडूंनी गेमचा कोड उघडून पाहिला तेव्हा कळलं की आठवड्याची चाल आधीच ठरलेली असते. चाली चारच. एकीत भाव वर-खाली होत राहतो. दुसरीत तो सोमवारपासून जो घसरतो तो शनिवारपर्यंत घसरतच जातो. शंभराला घेतलेला माल शेवटी चाळीस-पंचेचाळीसला जातो. तिसरीत छोटी तेजी, खरेदीच्या दुपटीपर्यंत. आणि चौथी, जिच्यासाठी सगळे जागतात, तिच्यात भाव खरेदीच्या सहापटीपर्यंत चढू शकतो.

ही चौथी चाल जरा जवळून पाहू. आठवड्याची सुरुवात रडतखडत होते, भाव थोडाथोडा उतरतो. मग तो अचानक वळतो, अर्ध्या दिवसाने दीड-दोन पट होतो आणि त्याच्या पुढच्या अर्ध्या दिवशी शिखर गाठतो. मंगळवार दुपारच्या आधी शिखर येत नाही, शुक्रवार दुपारनंतरही नाही. आणि ते टिकतं फक्त अर्धा दिवस. खिशात चाळीस जागा, प्रत्येकीत शंभर सलगम, म्हणजे चार हजार. शंभरच्या भावाने चार लाख बेल्स गुंतले. शिखर पाचशेचं असेल तर वीस लाख हातात. पण सकाळच्या शिखराला तुम्ही दुपारी जेवून पोहोचलात, तर भाव दोनशेच्या वर उरत नाही.

म्हणजे बेटावर बाजार नाहीच, फासे आहेत. बाजार तयार झाला तो बेटाबाहेर. प्रत्येक बेटाचा भाव वेगळा, आणि विमानतळावरून दुसऱ्याच्या बेटावर जाता येतं. सहाशेचा भाव लागलेल्या बेटाचा मालक रातोरात अडत्या झाला. तेव्हा एका वेळी पाहुणे सातच येऊ शकत, त्यामुळे रांगा लागल्या आणि प्रवेशाचा मोबदला मागितला जाऊ लागला. दुर्मिळ होतं ते त्याच्या बेटाचं दार, आणि खरी बोली लागली ती तिथे.

(दृश्य: बँकेचं यंत्र.)

एप्रिल 2020 मध्ये निन्टेंडोने गेममधल्या बँकेचा मासिक व्याजदर 0.5 टक्क्यावरून 0.05 टक्क्यावर आणला. काही जण कन्सोलचं घड्याळ वर्षानुवर्षं पुढे ढकलून व्याज लाटत होते, त्यांना चाप बसला. पण प्रामाणिक ठेवीदारही त्यात भरडले. भरपाई म्हणून सगळ्यांना एक सतरंजी मिळाली, पैशाच्या थैलीच्या आकाराची. थट्टाच म्हणायची. 27 मार्चला आपल्या रिझर्व्ह बँकेनेही रेपो दर 5.15 वरून 4.40 वर आणला होता, त्यामुळे ठेवीदारांना हे दुःख ओळखीचं वाटलं असेल.

(दृश्य: चष्मा घातलेला बोका.)

आणि हा रेमंड, बेटावर शेजारी म्हणून राहायला येणाऱ्या प्राण्यांपैकी एक. एक डोळा एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. बेटावर रहिवासी दहाच मावतात आणि गेममध्ये प्राणी जवळपास चारशे, म्हणजे हाच नेमका वाट्याला येणं अवघड. जुन्या प्राण्यांना अमिबो कार्डाने, म्हणजे कन्सोलला टेकवायच्या निन्टेंडोच्या चिपवाल्या कार्डाने, बोलावता येई, रेमंड नवा, त्याचं कार्डच नव्हतं. एखाद्याच्या बेटावर तो सामान बांधून निघाला की त्याला आपल्याकडे नेण्यासाठी बोली सुरू व्हायची. ती बेल्समध्ये नसायची, कारण सलगमवाल्यांकडे बेल्सना तोटा नव्हता. ती नूक माइल्स या गेममधल्या गुणांवर मिळणाऱ्या तिकिटांत लागायची. एक तिकीट दोन हजार माइल्सचं, आणि माइल्स कामं करूनच मिळतात. एका रेमंडसाठी लोकांनी अशी शेकडो तिकिटं मोजली.

नोव्हेंबर 2021 मध्ये कार्डांची पाचवी मालिका निघाली. तीत रेमंड आहे. कार्ड टेकवायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी त्याला कॅम्पवर बोलवायचं, मागेल ती वस्तू बनवून द्यायची, की तो राहायला येतो. तिकीट एकही लागत नाही.