भरतीला मिटणारी फळी

श्रोतेहो, नमस्कार.

पेण-अलिबागकडच्या खाडीकाठी ज्यांचं बालपण गेलं, त्यांना उघाडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खारबांधाच्या पोटातली ती झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपसूक मिटते. गोव्यात तिलाच मानस म्हणतात. हीच युक्ती सतराव्या शतकात कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांताच्या किंग्ज काउंटीत रुजली.

या काउंटीच्या उत्तरेला नॉर्थ माउंटन, दक्षिणेला साउथ माउंटन आणि मधे ॲनापोलिसचं खोरं. नॉर्थ माउंटन आपल्या सह्याद्रीसारखाच काळ्या बेसाल्टचा. वयाने मात्र कितीतरी थोरला, वीस कोटी वर्षांचा. फंडीच्या उपसागरावरचं धुकं आणि गार वारा तो अडवतो. पूर्वेला मायनस बेसिन, म्हणजे त्याच उपसागराचा आत घुसलेला फाटा. तिथली भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी; काही ठिकाणी पाणी पंधरा मीटरच्याही वर चढतं. ओहोटी लागली की मैलोगणती तांबडा चिखल उघडा पडतो.

मूळ वस्ती मिकमाक लोकांची. 1680 च्या सुमारास फ्रेंच बोलणारी अकेडियन कुटुंबं याच काउंटीतल्या ग्राँ-प्रेला आली. जंगल तोडत बसण्यापेक्षा त्यांनी खाजणाला हात घातला. खाऱ्या गवताच्या मुळांसकट ढेपा कापायच्या, विटांसारख्या रचून बांध घालायचा. बांधाखाली लाकडी पन्हळ आणि तिच्यात बिजागरीवर झुलणारी एक फळी. पावसाने, बर्फाने दोन-तीन वर्षांत मीठ धुऊन निघालं, की त्या चिखलात गहू डोलायचा.

मग 5 सप्टेंबर 1755. इंग्रज फौजेच्या कर्नल विन्स्लोने ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये चारशेहून अधिक पुरुषांना आणि मुलग्यांना बोलावलं आणि हुकूम ऐकवला: जमीनजुमला, गुरंढोरं सरकारजमा, तुम्ही हद्दपार. घरं जाळली. माणसं जहाजांत कोंबून दूरच्या वसाहतींत पाठवली.

चार वर्षांनी, 1759 च्या नोव्हेंबरात वादळ झालं आणि बांधांना खांडी गेल्या. 1760 पासून न्यू इंग्लंडचे शेतकरी फुकटच्या जमिनीवर आले खरे, पण खारबांध कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं! शेवटी दुरुस्तीला आणले कोण, तर कैदेत ठेवलेले अकेडियनच. आपल्याच हिसकावलेल्या शेताचा बांध परक्यासाठी बुजवताना त्यांना काय वाटलं असेल, हे कुठल्या दप्तरात सापडायचं नाही.

पुढचं मी भराभर सांगतो. 1869 मध्ये खोऱ्यात रेल्वे आली आणि सफरचंदाची पिंपं इंग्लंडला जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात ती बाजारपेठ बुडाली, नंतर कित्येक बागा उपटल्या गेल्या. उरलेल्यांत आता हनीक्रिस्प जातीला भाव आहे. जोडीला कोंबड्या, दूधदुभतं, द्राक्षबागा आणि वॉटरव्हिलचा टायर कारखाना.

ग्राँ-प्रेचा परिसर 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. पण ते काही जुनं अवशेष-बिवशेष नाही. बांधाआड आजही शेती होते, आणि 1760 पासून चालत आलेली जमीनमालकांची मंडळी अजून एकत्र बसून कारभार बघते. फळी तेवढी बदलली. तरी भरती आली की आजही ती आपसूकच मिटते.